गावचे कागद, गावची गाणी आणि विद्यापीठाचं अभ्यास केंद्र : गाठ कशी घालावी

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. सातबाऱ्यावर तो ‘पोटखराब’ म्हणून लागलाय, म्हणजे सरकारदरबारी तिथे काही पिकत नाही. ह्या न पिकणाऱ्या जमिनीसाठी मागे एकाच वर्षात तीन पाहुणे माझ्या दारात आले. जुलैत भर पावसात एक मुलगा आला, त्याला दीपकाडीची फुलं मोजायची होती. दिवाळीनंतर एक बाई आल्या, कातळावर जुनी चित्रं कोरलेली आहेत का ते बघायला. दोन दिवस गवतातून हिंडल्या, काही सापडलं नाही, साडीला कुसळं घेऊन परत गेल्या. मार्चमध्ये एक मुलगी आली, जागांची नावं गोळा करणारी. तिला आमच्या गुराख्याने घटकाभरात बावीस नावं सांगितली. त्यातलं एक होतं ‘पांडवांचा पट’.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला मी एका वहीत नाव, संस्था, काय बघितलं आणि काय नेलं हे लिहायला लावते. मुलीने वही चाळली आणि म्हणाली, “काकू, ह्या मॅडम तर आमच्याच विद्यापीठातल्या. समोरच्या इमारतीत बसतात.” मी तिथल्या तिथे फोन लावला. आठवड्याने दोघी मिळून आल्या. गुराखी पुढे, आम्ही मागे. गवत वाळून बसलेलं होतं, त्यामुळे पट लगेच दिसला. दोन मासे, एक चौकट आणि चौकटीत कसली तरी वेलबुट्टी. नोव्हेंबरात मॅडम त्याच्यावरूनच चालत गेल्या होत्या.

समोरासमोरच्या दोन इमारतींची ओळख व्हायला माझी पडवी लागली. विद्यापीठं प्रादेशिक अभ्यासाची केंद्रं काढतात ती ह्याच दुखण्यावर उतारा म्हणून. एका सड्याला वनस्पतिशास्त्र, पुरातत्त्व, भाषा, महसूल असे तुकडे पाडून बघू नये, निदान एका टेबलावर तरी आणावं, एवढीच त्यामागची कल्पना.

मी राजापूर तालुक्यातली. एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली आणि आता निवृत्त आहे. अभ्यासक नाही, पण अभ्यासकांना चहा पाजून, वाट दाखवून आणि त्यांचे फॉर्म भरून जे शिकले ते इथे लिहिते. हे लिहिणं त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरात जुना रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा आहे, ज्यांची आजी अजून गाते किंवा ज्यांच्या गावात असा कुणी गुराखी आहे, आणि ज्यांना वाटतं की कुणीतरी जाणत्याने हे बघावं, पण कुणाला सांगायचं ते कळत नाही.

केंद्र कुठलं निवडायचं

विद्यापीठात ‘विभाग’ असतो तो एका विषयाचा. त्याला कायम प्राध्यापक, एम.ए.चे वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम. ‘केंद्र’ असतं ते एखाद्या प्रदेशाचं किंवा प्रश्नाचं. तिथे एक संचालक, दोन-चार संशोधन सहायक, बाकीची माणसं निरनिराळ्या विभागांतून उसनी घेतलेली. पैसा बहुतेकदा प्रकल्पाचा. प्रकल्प संपला की सहायक जातो आणि तुमच्याकडचा त्याचा मोबाइल नंबर निरुपयोगी होतो. म्हणून पहिल्याच दिवशी संचालकांचा कार्यालयीन पत्ता आणि मेल घेऊन ठेवा. मुलगा कितीही गोड असो.

प्रदेशाचा अभ्यास म्हणजे फक्त आपल्याच प्रदेशाचा असंही नाही. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिका अभ्यास केंद्र आहे. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले, आफ्रिकेचं काय काम म्हणून. मग लक्षात आलं की जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकेतून आलेले, आणि रायगड-रत्नागिरीच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांतली कोकणी मुसलमान घरं थेट केपटाऊनला जाऊन स्थिरावलेली. तिकडून आलेली पत्रं कुणाच्या ट्रंकेत असतील तर मराठी विभागाआधी तिथे विचारावं. उलट बाजूने, जर्मनीत हायडेलबर्गला १९६२ पासून दक्षिण आशिया संस्था आहे, आणि तिथले प्राध्यापक सोंथायमर आपल्या धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा-बिरोबा ह्यांच्यामागे आयुष्यभर हिंडले.

जवळचं म्हणाल तर मुंबई विद्यापीठाचा रत्नागिरी उपपरिसर आहे, गोव्यात ताळगावला गोवा विद्यापीठ आणि पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. बोलीसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. राज्य मराठी विकास संस्थेबरोबर त्यांनी मराठी बोलींचं जे सर्वेक्षण केलंय ते इंटरनेटवर चक्क ऐकता येतं. मोडी कागदांसाठी पुण्यातच १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ. मालवणात जन्मलेल्या रा. गो. भांडारकरांच्या नावाची संस्थाही १९१७ पासून पुण्यातच आहे. आमचं चांगलं ते घाटावर जातं, हापूससुद्धा.

नेमकं दार शोधायची माझी युक्ती अशी. ‘शोधगंगा’ म्हणून एक संकेतस्थळ आहे, तिथे देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात. त्यात आपला तालुका, आपली बोली, ‘खोती’, ‘दशावतार’, ‘देवराई’ असे शब्द टाकायचे. प्रबंध वाचायची गरज नाही, पहिलं पान बघायचं. मार्गदर्शक कोण आणि विद्यापीठ कुठलं ते तिथे असतं. दोन-तीन प्रबंधांवर एकच मार्गदर्शक दिसला की तुमचं दार सापडलं.

आणि जाण्याआधी जुनं काय लिहून झालंय ते बघा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड १८८० चा, रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा. ग्रियर्सन ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड, सातवा, १९०५ चा. त्यात संगमेश्वरी, बाणकोटी, कुडाळी, चित्पावनी अशा आमच्या बोलींचे नमुने आहेत. ग्रियर्सनने सगळ्या बोलींना बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट सांगायला लावली, त्यामुळे भातलावणीचे शब्द त्यात सापडतील ही अपेक्षा ठेवू नका. ते तुमच्या आजीकडे आहेत.

रुमाल सोडण्याआधी

आमच्या गावात कागद आहेत ते वाड्यातल्या तात्यांकडे. घर जुन्या खोतांचं, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्यांचं. आमचं घर त्यांच्या कुळाचं, म्हणजे तीन पिढ्यांपूर्वी आमचे आजोबा त्यांच्या ओसरीवर भात मोजून द्यायचे. त्यामुळे मी तात्यांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. “कागद बाहेर गेले तर उद्या कोर्टात उभे राहतील,” म्हणाले. त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. खोती रद्द करण्याचा कायदा १९४९ चा, पण जमिनीच्या भांडणांना कायद्याची तारीख कळत नाही. मी एवढंच सांगितलं की कागद घराचा उंबरठा ओलांडणार नाहीत, फोटो तुमच्या ओसरीवर काढू, आणि तुम्ही नको म्हणाल ते पान उलटं ठेवू. हे कबूल करायला त्यांनी दोन महिने घेतले. घेऊ द्यावेत.

वेळ निवडायची ती पौष-माघातली. रत्नागिरीत पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. आषाढात रुमाल सोडलात तर पानं एकमेकांना चिकटलेली मिळतील आणि ओढलीत तर अक्षर एका पानाचं दुसऱ्यावर जाईल. जानेवारीत हवा कोरडी, सकाळी आठ ते दहा ओसरीवर उजेड मऊ आणि सावली नाही. उन्हात नेऊ नका.

तात्यांचा पहिला रुमाल सोडला तेव्हा आधी वास आला, वेखंडाचा. कुणीतरी पुरचुंडी घालून ठेवली होती, तिचा भुगा झाला होता तरी वास शाबूत. मग कसर पळाली, रुपेरी, चपळ. मधल्या पंधरा-वीस पानांची तिने जाळी केली होती, पण कडेची पानं स्वच्छ. मऊ ब्रश घ्यायचा, रंगकामाचा रुंद आणि नवा, आणि मधून कडेकडे एकाच दिशेने हलका फिरवायचा. ओलं फडकं नाही, तोंडाने फुंकर नाही, बोटाला थुंकी तर मुळीच नाही. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, तो चार वर्षांत पिवळा पडतो आणि कागद घेऊनच सुटतो. लॅमिनेशन करून आणणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. त्यांच्या पणजोबांची सनद आता प्लास्टिकमध्ये उकडल्यासारखी दिसते.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगते. पहिल्या दिवशी मला नीटनेटकेपणाची हौस आली. मी लांब कागद एकीकडे, चौकोनी एकीकडे, चिठ्ठ्या तिसरीकडे असे ढीग केले. ग्रंथालयातली सवय. संध्याकाळी तात्या म्हणाले, ती बारकी चिठ्ठी ह्या गहाणखताच्या घडीत होती ना? होती. पण कुठल्या गहाणखताच्या, ते आता कुणालाच सांगता येईना. चिठ्ठीवर फक्त ‘पैकी पावले’ आणि आकडा. कशापैकी, ते घडीने सांगितलं असतं. तेव्हा जसं बांधलंय तशाच क्रमाने फोटो काढा आणि त्याच क्रमाने परत बांधा.

फोटोला भारी कॅमेरा लागत नाही. मोबाइल पुरतो, पण तो हातात धरायचा नाही. आम्ही दोन स्टुलांवर एक काच आडवी टाकली, काचेवर मोबाइल, खाली जमिनीवर पान. प्रत्येक पानाशेजारी शाळेची सहा इंची पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी, म्हणजे आकार कळतो. पाठकोरं दिसलं तरी मागची बाजू घ्याच. मोडी पत्रांच्या पाठीवर पुष्कळदा ‘अमक्याचे पत्र, तमक्या तिथीस पोचले’ असा एका ओळीचा शेरा असतो, आणि कधी कधी सबंध पत्रात नसलेली तारीख तिथेच मिळते. फाइलला नाव देताना घर, रुमाल, पान असा क्रम ठेवा, ‘न्यू फोल्डर दोन’ नको. रोज संध्याकाळी दोन ठिकाणी प्रत करा, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरातल्या कॉम्प्युटरवर. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. दोन्ही प्रती एकाच कपाटात ठेवून उपयोग काय?

मोडी वाचता येत नाही म्हणून थांबू नका, पण तारीख तेवढी ओळखायला शिका. केंद्राला लिहिताना ‘जुने कागद आहेत’ आणि ‘शके १७६० च्या आसपासचे कागद आहेत’ ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शकात ७८ मिळवा, इसवी सन १८३८ येतो, आणि वर्ष चैत्रात बदलत असल्याने पौषापासून फाल्गुनापर्यंतचे कागद बहुधा १८३९ चे. काही कागदांवर सुहूर सन असतो, अरबी शब्दांत लिहिलेला: ‘सीत अशरीन मयातैन व अलफ’. सहा, वीस, दोनशे, हजार, म्हणजे १२२६. त्यात ५९९ मिळवले की १८२५, आणि वर्षाच्या उत्तरार्धासाठी ६००. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी तात्यांच्या ओसरीवर एकटीच टाळी वाजवली. पुढचं शिकायचं असेल तर पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवलेली असतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसते, एवढं कळलं की निम्मी भीती जाते.

काकीची शीग

कागद तात्यांकडे होते, पण कागदात तात्यांचीच बाजू. पावतीवर कुळाचं नाव, भाताच्या खंड्या-मण-पायल्या, अर्धेल की तिर्धेल (पिकाचा अर्धा वाटा की तिसरा), आणि खाली भरून पावल्याची खूण. कुळाला ते कसं वाटत होतं ते पावती सांगत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करायचं विधेयक मांडलं आणि तिकडे अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, त्यामागचा राग रुमालात बांधलेला नसतो.

तो आमच्या काकीच्या तोंडात होता. काकी म्हणजे माझी चुलतसासू, तेव्हा ब्याऐंशीची. केंद्रातली भाषेची मुलगी रेकॉर्डर घेऊन आली. काकीला खुर्चीवर बसवलं, पंखा बंद केला, समोर माईक. “काकी, भातलावणीची गाणी म्हणा.” काकी म्हणाली, “आता कुठलं आठवतंय गो, सगळं गेलं.” अर्धा तास गेला. मुलगी हिरमुसली. मीही.

दुसऱ्या दिवशी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे होते. मे महिना, अंगणात रातांब्यांचा ढीग, आम्ही चौघी विळ्या घेऊन बसलो. सालं एका पातेल्यात, गर-बिया दुसऱ्यात, हात कोपरापर्यंत लाल. मुलगीही बसली, तिला एक सुरी दिली. दहा-बारा रातांबे झाले आणि काकीने आपणहून गुणगुणायला सुरुवात केली. हातांना काम मिळालं की तोंड सुटतं. मुलीने हात न पुसताच मांडीवरचा रेकॉर्डर चालू केला, त्यावर आमसुलाचा डाग अजून आहे. मागे कोंबडी, कुकर, माझी नणंद शिंकते, सगळं आलंय. मध्येच काकी रेकॉर्डरचा लाल दिवा बघून म्हणते, “मेल्यांनो, तो डबा बंद करा आधी!” आणि पुढचं कडवं चालू.

त्या कडव्यात ‘शीग’ हा शब्द होता, म्हणजे मापाच्या तोंडावर चढवलेली रास. खोत घेताना पायलीवर शीग लावून घेतो, देताना हाताने सपाट करून देतो, अशी तक्रार, लावणीच्या चालीत. मुलीने शब्द म्हणून टिपला. केंद्रात इतिहासाचा मुलगा शेजारी बसायचा, त्याने तात्यांच्या पावत्यांचे फोटो आधीच बघितलेले. तो म्हणाला, पावतीवर पायल्यांचा आकडा आहे, पण शिगेची पायली की सपाट, ते कुठेच लिहिलेलं नाही. दोन्ही प्रकारे हिशेब मांडला तर वर्षाअखेरच्या आकड्यात मणामणांचा फरक पडत होता. वाड्यातला कागद आणि आमच्या अंगणातलं गाणं अशी एका टेबलावर आली. मी तात्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग आत जाऊन माळ्यावरून जुनी पायली काढून आणली. “घ्या, मोजा,” म्हणाले.

रेकॉर्डिंगचं तंत्र एवढ्यातच आलं. माणसाला त्याच्या कामावर बसवा आणि तुम्हीही बसा. सुरुवातीला रेकॉर्डरमध्ये तारीख, गाव, वाडी, सांगणाऱ्याचं नाव, वय, आणि बाईमाणूस असेल तर माहेर कुठलं ते स्वतःच्या आवाजात बोला. माहेर फार महत्त्वाचं, कारण गाणी आणि शब्द बायकांबरोबर लग्नातून आलेले असतात. काकी इथे साठ वर्षं, पण तिची निम्मी गाणी लांज्याकडची.

साल विचारू नका. ‘कुठल्या वर्षी?’ म्हटलं की म्हातारी माणसं अंदाजाने काहीतरी ठोकून देतात, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. त्याऐवजी खुंटे द्या. रामदास बोट बुडाली (१७ जुलै १९४७) त्याच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा हे घर होतं का? रत्नागिरीचे दोन जिल्हे झाले १९८१ ला, मुंबईत गिरण्यांचा संप १९८२ ला, रेल्वे सुरू झाली १९९८ ला. गिरण्यांचा संप तर प्रत्येक घराला आठवतो, कारण त्या वर्षी मनिऑर्डर थांबली आणि माणूस घरी आला.

काय द्यायचं, काय नाही

मूळ कागद देऊ नका. ‘पंधरा दिवसांत परत करतो’ म्हणणाऱ्यालाही नाही. माझ्या माहेरची आत्याच्या हातची ओव्यांची वही अशीच एक अभ्यासक घेऊन गेले. सज्जन माणूस, पावती वगैरे दिली होती. त्यांची बदली झाली, खोली बदलली, कपाट बदललं, आणि वही कुठे आहे ते आता कुणालाच माहीत नाही. मी ग्रंथपाल असून माझ्या हातून हे झालं. एका पुस्तकासाठी मुलांना दंड लावणारी मी!

संमतीपत्रकावर सही मागतील तेव्हा वाचून घ्या, आणि ज्याचं गाणं आहे त्याला मोठ्याने वाचून दाखवा. तीन गोष्टी त्यात आहेत का बघा: रेकॉर्डिंग कुठे ठेवणार, ते कुणाला ऐकता येणार, आणि सांगणाऱ्याचं नाव घालणार की झाकणार. काकी म्हणाली नाव घाला, घरचं नाही, माहेरचं. दुसऱ्या एका बाईंनी साफ नको म्हटलं, कारण गाण्यात दिराची थट्टा होती. दोघींचं खरं.

देवळातल्या गोष्टी एकट्याने द्यायच्या नाहीत. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, चारचौघांत घातलं जातं, त्याचं रेकॉर्डिंग गुरवाला विचारून होतं. कौल (देवाला विचारणं), अवसर (अंगात येणं) ह्यांच्या वेळी आमच्या मानकऱ्यांनी कॅमेरा नको ठरवलंय, आणि मी पाहुण्यांना हे एसटीतून उतरल्या उतरल्या सांगते, गाभाऱ्यापाशी नाही. झाडपाल्याच्या औषधांचं आणखी वेगळं. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. वैदूची माहिती आधी त्या वहीत लावा, मग बाहेर. आमच्या पंचायतीत ती वही शोधायला मला तीन खेपा पडल्या, पण सापडली.

कातळशिल्पांची जागा सापडली तर फोटो समूहावर टाकण्याआधी दोन दिवस थांबा. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर, आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेले. हे जगासमोर आणलं ते रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्यांनी, गावोगाव हिंडून आणि गावकऱ्यांना विचारून. पण ह्या चित्रांवर जांभ्याची खाणही पडू शकते आणि सेल्फीवाल्यांचा खडूही फिरू शकतो. आधी जाणत्याला कळवा, चित्राच्या कडेने दगडांची ओळ लावा, मग काय ते समूहावर.

पत्र

पत्र एका पानाचं लिहा. ‘आमच्या गावाला समृद्ध सांस्कृतिक वारसा लाभला आहे’ असं वाक्य टाकू नका, ते सगळ्याच पत्रांत असतं आणि वाचणारा तिथेच थांबतो. माझं पत्र साधारण असं असतं:

“आमच्या गावी एका घरात मोडी कागदांचे चार रुमाल आहेत, शके १७४० ते १८२० च्या दरम्यानचे, बहुतेक शेतसारा आणि खोतीचे. फोटो काढून झाले आहेत, मूळ कागद घरधनी देणार नाहीत. त्याच गावात त्याच जमिनींवर राबणाऱ्या घरांतल्या दोन वृद्ध स्त्रिया लावणीची गाणी म्हणतात. दोन्ही एकत्र बघू शकेल असं कुणी आपल्या केंद्रात आहे का? नमुन्याची पाच पानं आणि तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण सोबत जोडलं आहे. यायचं तर जानेवारी ते मे सोयीचं.”

‘दोन्ही एकत्र’ हे शब्द मुद्दाम. नाहीतर पत्र इतिहास विभागाकडे जातं आणि गाणी वाऱ्यावर, किंवा उलट. उत्तर आलं नाही तर महिन्याने आठवण, मग दुसरं केंद्र. माझ्या सात पत्रांपैकी दोनांना उत्तर आलं आणि त्यातलं एक ‘पत्र योग्य विभागाकडे पाठवलं आहे’ एवढंच. दुसऱ्या उत्तरावर सगळं काम उभं राहिलं.

ते येतात तेव्हा

राजापूर रोड स्टेशन आणि राजापूर गाव ह्यांच्यात बरंच अंतर आहे, हे बाहेरच्याला तिकीट काढताना माहीत नसतं. आधी कळवा. सड्यावर सकाळी साडेसहाला निघा, अकरानंतर कातळ तापतो आणि कलत्या उन्हाशिवाय कोरीव रेषाही दिसत नाहीत. गुराख्याचा दिवस मोडला तर त्याची मजुरी प्रकल्पातून द्यायला सांगा, लाजू नका. त्यांच्या अंदाजपत्रकात ‘स्थानिक सहायक’ नावाचा रकाना असतो. तो बहुतेकदा रिकामा राहतो, कारण कुणी मागतच नाही. आमच्या गुराख्याला पहिल्यांदा पैसे मिळाले तेव्हा त्याने मला विचारलं, “नावं सांगायचे पण पैसे देतात?”

जाताना वहीत लिहून घ्या: काय नेलं, आणि प्रत कधी पाठवणार. प्रतीची तारीख त्यांच्याच हाताने लिहू द्या. मी शाळेच्या कपाटात एक पत्र्याची पेटी ठेवलीय, तीत फोटोंची हार्ड डिस्क, गाण्यांचा पेनड्राइव्ह, जे काही छापून आलं त्याची प्रत, आणि सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर मेअखेर बदलते. किल्ली दोघांकडे, मुख्याध्यापक आणि मी.

काकी दोन वर्षांपूर्वी गेली. तेराव्याला तिचा नातू वसईहून आला होता, त्याने पेटीतला पेनड्राइव्ह मागितला आणि पडवीवर मोबाइलला जोडून लावला. लावणीचं कडवं संपलं, “मेल्यांनो, तो डबा बंद करा आधी” आलं, आणि माजघरातल्या सगळ्या बायका एकदम हसल्या. तात्याही आले होते. त्यांनी विचारलं, “शिगेचं कुठे आहे त्यात?” नातवाने मागे नेऊन परत लावलं.